दहा ठोके आणि त्याआधीची साडेतीन मिनिटं

फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' ऐकलं नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी एकदा ऐकून या. साडेपाच मिनिटांचं गाणं आहे. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून. आणि ऐकताना हातात दुसरं काम घेऊ नका.

आलात ऐकून? सुरुवातीला एक बारीक, टिकटिकणारा ठेका चालू होतो. तो माणसाने वाजवलेला नाही हे लगेच कळतं. मग सिंथेसायझरचे लांब ओढलेले, धुक्यासारखे सूर येतात. मध्येच लांबून गिटारचा ओरखडा उमटतो. त्यानंतर एक आवाज येतो, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं इतका दबका. असंच एक मिनिट जातं, दुसरं जातं, तिसरंही जातं. साधारण तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर अचानक दहा ठोके कोसळतात. तिथून पुढे गाणं वेगळंच होतं.

ज्याचं हे गाणं आहे तो मुळात गायक नव्हे, ड्रमर. तोही साधासुधा नाही, 'जेनेसिस'सारख्या अवघड संगीत वाजवणाऱ्या बँडचा. आपल्या पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच गाण्यात हा माणूस साडेतीन मिनिटं ड्रमला हात लावत नाही. हा अल्बम म्हणजे १९८१ च्या फेब्रुवारीत आलेला 'फेस व्हॅल्यू'. माझ्या मते या अल्बमची सगळी गंमत त्या न वाजवण्यात आहे, पण ती कळायला आधी हा माणूस वाजवायचा काय ते पाहावं लागेल.

'जेनेसिस' वाजवायचा तो प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाही. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी काही पोरांना वाटलं की रॉक संगीताने तीन मिनिटांच्या प्रेमगीतात का अडकून पडावं? त्यात शास्त्रीय संगीताची बांधणी आणू, जॅझची मोकळीक आणू, एका गाण्यात पूर्ण कथा सांगू. त्यातून लांबलचक गाणी जन्माला आली. 'जेनेसिस'चं १९७२ मधलं 'सपर्स रेडी' जवळजवळ २३ मिनिटं चालतं.

आणि तालाची गोष्ट आणखी मजेशीर. रॉक-पॉपचा बहुतेक कारभार चारच्या घरात चालतो: एक-दोन-तीन-चार, पुन्हा एक. या लोकांनी सात, नऊ, तेरा असे हिशोब काढले. 'सपर्स रेडी'च्या एका भागाच्या नावातच नऊ मात्रांचा उल्लेख आहे. 'टर्न इट ऑन अगेन' हे १९८० चं गाणं तेरात आहे, आणि तरीही ते रेडिओवर हिट झालं. त्यावर पाय थिरकवायला गेलेल्यांचा पाय दर आवर्तनाला चुकायचा. रूपकच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा हातावर मोजत मोठे झालेल्यांना यात आकाश कोसळल्यासारखं काही वाटणार नाही. पण तिकडच्या श्रोत्याला हे नवीन होतं, आणि हा हिशोब चुकू न देता तो सहज वाटायला लावणं हे ड्रमरचं काम होतं. कॉलिन्सकडे ते होतं. तो डावखुरा आहे, त्यामुळे त्याचा ड्रमसेट आरशात पाहावा तसा उलटा मांडलेला असायचा.

तो लंडनचा, जन्म १९५१ चा. लहानपणी नाटकात काम करायचा, 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकात त्याने १९६४ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडला आर्टफुल डॉजर केला होता. 'जेनेसिस'ची मूळ मंडळी मात्र चार्टरहाऊस या बड्या निवासी शाळेतली. १९७० मध्ये त्यांनी ड्रमर हवा म्हणून जाहिरात दिली आणि चाचणी ठेवली ती गायक पीटर गेब्रियलच्या आईवडिलांच्या घरी. कॉलिन्स वेळेआधी पोचला. नंबर यायला अवकाश आहे, तोवर पोहून घे, असं त्याला सांगण्यात आलं. तो तलावात डुंबत राहिला, आणि आत एकामागून एक उमेदवार तेच तुकडे वाजवत असलेले ऐकून ते सगळे पाठ करून घेतले. नंबर लागला तेव्हा पेपर आधीच फुटलेला होता.

मागून गळ्याची साथ तो पहिल्यापासून द्यायचा. मधून एखादं छोटं गाणंही त्याच्या वाट्याला यायचं. १९७५ मध्ये गेब्रियल बँड सोडून गेला, तेव्हा बाकीच्यांनी गायकासाठी शोधाशोध केली, पुष्कळ जण ऐकले, आणि शेवटी ड्रमच्या मागे बसलेल्यालाच पुढे केलं. १९७६ च्या दौऱ्यात तो पुढे उभा राहून गायला लागला आणि मागे ड्रमवर बिल ब्रुफर्डला बसवलं. तरीही तो ड्रमरच होता. दुसऱ्यांनी लिहिलेलं गाणारा ड्रमर.

इथे थोडं थांबून गाण्याच्या मालकीचं बोलायला हवं, कारण 'ड्रमरचा सोलो अल्बम' या तीन शब्दांतली अडचण तिथेच आहे. कायद्याच्या आणि कंपन्यांच्या लेखी गाणं म्हणजे चाल आणि शब्द. ठेका त्यात धरत नाहीत. आपल्याकडे लावणीतून ढोलकी काढून घ्या, काय उरतं ते पाहा. पण हक्काच्या कागदावर ढोलकीवाल्याचं नाव शोधून सापडणार नाही. तिकडेही तेच. ड्रमरच्या डोक्यातून गाण्याचा सगळा साचा निघाला असला तरी बहुतेक वेळा त्याला वाजवण्याचे पैसे मिळतात, गाणं लिहिल्याचे नाहीत. 'जेनेसिस'ने सुरुवातीची काही वर्षं सगळी गाणी सगळ्यांच्या नावावर टाकली. १९७६ पासून ज्याचं गाणं त्याचं नाव असं सुरू झालं, आणि कुणाच्या वहीत किती गाणी आहेत ते उघडं पडलं. कॉलिन्सची वही जवळजवळ कोरी होती.

ती भरली घर मोडल्यावर. १९७९ मध्ये त्याचा संसार तुटला. बायको मुलांना घेऊन कॅनडात व्हँकुव्हरला गेली. तोही मागोमाग गेला, जमलं नाही, परत आला. बँडमधले टोनी बँक्स आणि माइक रदरफोर्ड तोवर आपापल्या सोलो अल्बमच्या कामाला लागले होते. सरे परगण्यात शॅलफर्ड नावाच्या गावी कॉलिन्सचं घर होतं. तिथे हा माणूस एकटा. करायला काही नाही, आणि झोपायच्या खोलीत एक आठ ट्रॅकचं टेप मशीन.

आठ ट्रॅक म्हणजे एकाच टेपच्या पट्टीवर शेजारी शेजारी आठ रांगा. पहिल्या रांगेवर ठेका भरा, टेप मागे घ्या, ऐकत ऐकत दुसरीवर पियानो भरा, पुन्हा मागे घ्या, तिसरीवर आवाज. एकटा माणूस असा आख्खा बँड होऊ शकतो, फक्त आठ रांगांत भागवावं लागतं. कॉलिन्सकडे पियानो होता, 'प्रॉफेट-५' हा तेव्हा नवा असलेला सिंथेसायझर होता आणि रोलँड कंपनीचं 'सीआर-७८' हे ठेका देणारं यंत्र होतं. रियाजाला बसणाऱ्या घरांत तबल्याचं पेटीवजा यंत्र असतं ना, ताल निवडा, लय लावा, ते आपलं चालू राहतं? तसंच. बॉसा नोव्हा, रुम्बा, डिस्को असे ठेके त्यात आधीच भरलेले. 'इन द एअर टुनाइट'च्या सुरुवातीची ती टिकटिक म्हणजे त्यातलाच एक तयार ठेका, थोडाफार फेरफार केलेला.

आता गंमत पाहा. उत्तम तबलजीने स्वतःच्या गाण्याला तबल्याचं यंत्र लावावं, तसं झालं हे. ड्रमसेट घरात वाजवता आला नसता अशातला भाग नाही. पण लिहिणारा आणि वाजवणारा एकच असला की वाजवणारा मध्ये मध्ये बोलतो. हात शिवशिवतात, प्रत्येक ओळीनंतर काहीतरी भरावंसं वाटतं. यंत्र तसं करत नाही. ते मठ्ठपणे एकच गोष्ट करत राहतं, आणि त्यावर बसलेल्या माणसाला शब्द नि सूर यांच्याकडेच पाहावं लागतं. शब्दही त्याने काही कागद-पेन घेऊन जुळवले नाहीत. 'इन द एअर'चे बहुतेक शब्द त्याला टेप चालू असताना, गाता गाता सुचले. म्हणून त्या गाण्यात राग आहे पण घटना नाही. पुढे लोकांनी त्यात एक बुडणारा माणूस आणि काठावर उभा राहून मजा बघणारा दुसरा असं पूर्ण कथानक घुसवलं. ते सपशेल खोटं आहे, असं कॉलिन्स चाळीस वर्षं सांगतोय.

घरी केलेल्या या गाण्यांतली दोन बँडने १९८० च्या 'ड्यूक' अल्बमसाठी घेतली. बाकीची तशीच राहिली.

आता त्या दहा ठोक्यांकडे येऊ. हा आवाज शॅलफर्डमध्ये जन्मला नाही. तो जन्मला लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, आणि तोही दुसऱ्याच माणसाच्या अल्बमसाठी. त्या वेळी पीटर गेब्रियल आपला तिसरा सोलो अल्बम करत होता. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम, आणि ड्रम वाजवायला बोलावलेला जुना मित्र कॉलिन्स. गेब्रियलने अट घातली: झांजा वाजवायच्या नाहीत. म्हणजे ड्रमसेटवरच्या पितळी थाळ्या बंद. वर्षानुवर्षं थाळीवर जायला सरावलेला हात हवेत अडकवायचा. वाजवणाऱ्याला छळ वाटावा अशी अट, पण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

ज्या खोलीत ड्रम मांडले होते तिच्या भिंती दगडी होत्या. दगडी खोलीत आवाज काय करतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. विहिरीत वाकून हाक मारा, किंवा विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवा. मूळ आवाज संपतो, पण त्याचा घुमारा भिंतींवर आपटत फिरत राहतो आणि हळूहळू विरतो. त्या काळात स्टुडिओत ड्रमचा असा घुमारा बहुतेकांना नको असायचा. माइक ड्रमच्या कातड्याला चिकटवून ठेवायचे, खोलीत गालिचे टाकायचे, म्हणजे कोरडा, स्वच्छ 'टप' मिळतो. १९७० च्या दशकातल्या गाण्यांतले ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखे वाटतात ते याच कारणाने.

दगडी खोलीत छताजवळ आणखी एक माइक असायचा, पण तो मुद्रणासाठी नव्हता. तो बोलण्यासाठी होता: वादक आत, ध्वनिमुद्रक काचेपलीकडे, आणि वादक जे बोलेल ते पलीकडे ऐकू यावं म्हणून. खोलीत कुणी कोपऱ्यात पुटपुटेल, कुणी माइकखाली उभं राहून ओरडेल. दोघांचंही सारखंच ऐकू यावं म्हणून त्या माइकला जबरदस्त कंप्रेसर लावलेला होता. कंप्रेसर म्हणजे काय? लग्नातल्या मंडपाचा साउंडवाला आठवा. निवेदक माइक तोंडात घालून बोलायला लागला की तो आवाज खाली करतो, निवेदक लांब गेला की वर करतो. कंप्रेसर हेच करतो, फक्त सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात आणि न कंटाळता. मोठा आवाज दाबतो. मोठा गेला की मागे राहिलेला बारीक आवाज उचलून वर आणतो.

आणि कॉलिन्स ड्रम वाजवत असताना तो बोलण्याचा माइक चालू राहिला. कंप्रेसरने ठोका दाबला, पण ठोक्यामागून येणारा दगडी खोलीचा घुमारा उचलून ठोक्याइतकाच मोठा केला. काचेपलीकडच्या मंडळींच्या कानावर एकदम राक्षसी आवाज आला. तो त्यांना इतका आवडला की मुद्रण टेबलाची, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जिथे येऊन मिळतात त्याची, जोडणी बदलून त्यांनी बोलण्याच्या माइकचा आवाज टेपवर घेण्याची सोय केली.

अजून अर्धी गोष्ट बाकी आहे. नुसता मोठा घुमारा ठेवला तर सगळा गोंधळ झाला असता. एका ठोक्याचा घुमारा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. त्या नव्या टेबलावर प्रत्येक माइकसाठी एक 'नॉइज गेट' होतं. हे एक दार आहे समजा. ठरवून दिलेल्या पातळीच्या वर आवाज असेल तोवर उघडं, खाली गेला की बंद. मुळात ते गिटारच्या अँप्लिफायरची घरघर वगैरे कचरा गाळण्यासाठी. यांनी ते घुमाऱ्यावर लावलं. आता ठोका पडतो, घुमारा उसळतो, आणि विरायला लागण्याआधीच दार धाडकन बंद. विहिरीत हाक मारली, आवाज घुमायला लागला, आणि कुणी त्याच क्षणी विहिरीवर फळी टाकली तर जसं होईल तसं. निसर्गात असा आवाज कुठेच नसतो. मोठ्या खोलीचा घुमारा लांब असतो, लहान खोलीचा छोटा आणि बारीक. हा मोठा आहे आणि तरी छोटा आहे. कान दचकतो तो त्यामुळे.

झांजांवर बंदी का उपयोगी पडली तेही इथे लक्षात येईल. थाळी एकदा वाजली की बराच वेळ सळसळत राहते. दार उघडंच राहिलं असतं, आणि कंप्रेसरने ती सळसळ उचलून सगळ्यावर पसरली असती.

हे पटत नसेल तर घरी करून बघता येतं. मी करून पाहिलं. आमच्या सोसायटीच्या जिन्यात दुपारी पीठाचा रिकामा डबा घेऊन गेलो, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि लाटण्याने डब्यावर एक सणसणीत ठोका दिला. आवाज चारी मजले फिरून आला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून "काय पडलं रे?" विचारलं, तेही रेकॉर्ड झालं. मग फोनवरच, आवाज कापायच्या एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये, ठोक्यानंतरचा अर्धा सेकंद ठेवला आणि पुढचं काकूंसकट उडवलं. उरलेलं वाजवलं तर पीठाचा डबा चक्क १९८५ सालात जाऊन बसला होता.

गेब्रियलच्या अल्बमचं पहिलं गाणं, 'इन्ट्रूडर', पूर्णपणे या आवाजावर उभं आहे. त्या अल्बमच्या वेष्टणावर कॉलिन्सच्या नावापुढे त्या गाण्याच्या ड्रमच्या ठेक्याचं श्रेय वेगळं दिलेलं आहे. मघाशी ढोलकीवाल्याबद्दल जे म्हटलं त्या पार्श्वभूमीवर ही ओळ छोटी नाही. या आवाजाचा बाप कोण यावर नंतर बरंच बोललं गेलं. गेब्रियलची अट नसती, पॅडगमचे कान नसते, कॉलिन्सचे हात नसते तर तो निघाला नसता. मला त्यात कुणा एकाला माळ घालावीशी वाटत नाही.

स्वतःचा अल्बम करायची वेळ आली तेव्हा कॉलिन्सने पॅडगमलाच बरोबर घेतलं. दोघांपुढे प्रश्न होता: घरी केलेल्या टेपा टाकून द्यायच्या आणि सगळं नव्याने, नीटनेटकं मुद्रित करायचं का? त्यांनी तसं केलं नाही. आठ ट्रॅकची टेप स्टुडिओच्या चोवीस ट्रॅकच्या टेपवर उतरवून घेतली आणि उरलेल्या रांगांवर नवीन भर घातली. म्हणजे रेकॉर्डवर जो सिंथेसायझर आणि जे यंत्र वाजतंय ते बऱ्याच ठिकाणी शॅलफर्डच्या झोपायच्या खोलीतलंच आहे. आज लॅपटॉपवर गाणी करणाऱ्यांना यात विशेष वाटणार नाही. १९८० साली घरची कच्ची टेप म्हणजे दर्जीने कापड बेतायच्या आधी कागद कापावा तशी वस्तू होती. कापड हातात आलं की कागद फेकायचा. यांनी कागदच शिवून टाकला.

आणि मग त्या दबलेल्या, एकट्या टेपवर, साडेतीन मिनिटं उलटल्यावर, दगडी खोलीतला तो आवाज आणून ठेवला. दोन जागांची ती टक्कर आहे. एक जागा पडदे ओढलेली खोली, दुसरी दगडी. ठोके वाजवायला कठीण नाहीत. वरच्या सुराच्या ड्रमपासून खालच्या सुराच्या ड्रमकडे जोडीजोडीने उतरत येतात. शिकाऊ पोरगंही आठवड्यात बसवेल. तेराच्या मात्रेत लीलया फिरणाऱ्या माणसाने आयुष्यात सर्वात जास्त गाजवलेली गोष्ट ही अशी बाळबोध आहे. पण ती समेसारखी येते. आपण बैठकीत बसलेलो असतो, गवई आवर्तनं लांबवत राहतो, अंग पुढे झुकतं, आणि सम पडते तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम हलतात. फरक इतकाच की इथे सम येणार आहे याची पूर्वसूचनाच ऐकणाऱ्याला दिलेली नसते.

अमेरिकेतल्या अटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमत एर्टेगुन यांना नेमकी हीच काळजी वाटली. ड्रम येईपर्यंत रेडिओवरचा श्रोता थांबेल का? पायाने धरायला ताल कुठे आहे? त्यांच्या सांगण्यावरून सिंगलच्या, म्हणजे एकट्या गाण्याच्या वेगळ्या रेकॉर्डच्या, आवृत्तीत आधीपासून ड्रमचा जादा थर घातला गेला. ती आवृत्ती मी ऐकली आहे. वाईट नाही, पण सस्पेन्स सिनेमाचा खुनी शेजाऱ्याने आधीच सांगून टाकावा तसं होतं. अल्बमवर मूळ रूप राहिलं हे नशीब. जानेवारी १९८१ मध्ये सिंगल बाजारात आलं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. पहिला क्रमांक मिळणं कठीणच होतं. जॉन लेननचा खून होऊन महिना-दीड महिना झाला होता आणि देश लेननची गाणी विकत घेत होता. अल्बम मात्र पहिल्या क्रमांकावर गेला.

बाकीचा अल्बम या एका गाण्यासारखा नाही, आणि पहिल्यांदा ऐकणारे तिथे गोंधळतात. तिसऱ्या गाण्यावर एकदम ट्रम्पेट-ट्रम्बोनचा जल्लोष सुरू होतो. ती मंडळी 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन कृष्णवर्णीय बँडची. गाणं आहे 'बिहाइंड द लाइन्स', 'जेनेसिस'च्याच 'ड्यूक'मधलं, पण तिथे जे भव्य आणि गंभीर होतं ते इथे कमरेत हात घालून नाचतं. 'आय मिस्ड अगेन'ही त्याच वाटेचं. 'यू नो व्हॉट आय मीन' मध्ये नुसता पियानो, आवाज आणि व्हायोलिनवृंद. त्यात तर ड्रम नाहीतच. 'इफ लीव्हिंग मी इज ईझी'वर एरिक क्लॅप्टनची गिटार आहे, पण इतकी मागे की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. काही गाणी मला आजही सुमार वाटतात; 'आय अ‍ॅम नॉट मूव्हिंग' वगळलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. याच काळातलं एक गाणं अल्बमवर आलंच नाही, ते पुढे १९८४ मध्ये 'अगेन्स्ट ऑल ऑड्स' या सिनेमासाठी नव्याने बांधलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आपल्या कानांनी थबकावं अशी जागा पाचव्या क्रमांकावर आहे. 'द रूफ इज लीकिंग' संपतं आणि न थांबता 'ड्रोन्ड' सुरू होतं: शब्द नाहीत, षड्ज धरल्यासारखा एक अखंड सूर आणि त्यावर व्हायोलिन. ते वाजवलं आहे एल. शंकर यांनी. चेन्नईचे, कर्नाटक संगीताच्या घरातले. १९७० च्या दशकात जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या 'शक्ती'मध्ये मुंबईचे झाकिर हुसेन तबल्यावर आणि शंकर व्हायोलिनवर असायचे. अल्बमचं शेवटचं गाणं बीटल्सचं, १९६६ मधलं 'टुमॉरो नेव्हर नोज'. त्याच्या मूळ मुद्रणातही तंबोरा आहे. म्हणजे सुरुवातीचं गाणं एका धरलेल्या वातावरणावर, मध्यात धरलेला सूर, शेवटीही तोच. ठरवून केलं असेल किंवा नसेल. पण तालवाद्य वाजवणाऱ्याने तालाऐवजी सुरावर टेकून बसावं, याचं मला नवल वाटत आलं आहे.

ड्रम सोडून गळ्याकडे वळलेला तो काही पहिला नव्हता. 'सॉफ्ट मशीन' या बँडचा माजी ड्रमर रॉबर्ट वायट १९७३ मध्ये एका पार्टीत खिडकीतून खाली पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पायाने वाजवायचे ड्रम कायमचे गेले. पुढच्याच वर्षी त्याचा 'रॉक बॉटम' आला, निर्माता पुन्हा एक ड्रमरच: 'पिंक फ्लॉइड'चा निक मेसन. त्या अल्बमला 'फेस व्हॅल्यू'सारखा खप नाही, पण दोन्ही एकामागून एक ऐका. वायटकडे पर्याय उरला नव्हता. कॉलिन्सकडे होता, दोन्ही हात-पाय शाबूत होते.

पुढचं बरंचसं जगजाहीर आहे. १९८४ मध्ये 'मायामी व्हाइस' मालिकेच्या पहिल्या भागात रात्रीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या दृश्यावर हे गाणं आलं आणि अमेरिकेत पुन्हा उचललं गेलं. २००७ मध्ये ब्रिटनच्या एका चॉकलेटच्या जाहिरातीत गोरिला ते दहा ठोके वाजवतो. तो घुमारा तोडण्याची युक्ती तर कंपन्यांनी यंत्रात भरून एका बटणावर दिली. टाउनहाउसच्या दगडी खोलीची गरज उरली नाही, आणि ऐंशीच्या दशकातलं पॉप त्याच एका आवाजाने इतकं भरून गेलं की लोकांना त्याचा वीट आला. मलाही येतो. पण ज्या गाण्यात तो साडेतीन मिनिटं वाट बघायला लावून येतो तिथे येत नाही.

कॉलिन्सच्या मानेला आणि पाठीला पुढे दुखापतींनी घेरलं. मज्जातंतू दुखावले, हातात ड्रम वाजवायची काठी धरता येईना. २०१७ मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला तेव्हा काठी टेकत मंचावर यायचा आणि खुर्चीत बसून गायचा. ड्रमवर त्याचा मुलगा निक, वय वर्षं सोळा. 'इन द एअर टुनाइट' सुरू व्हायचं, यंत्राची टिकटिक, धुक्यासारखे सूर, दबका आवाज. प्रेक्षक तीन मिनिटं चाळीस सेकंदांची वाट बघत उभे. आणि ते दहा ठोके मागून यायचे, खुर्चीच्या पाठीमागून, आणि बापासमोर फक्त माइक असायचा.